विज्ञान शिक्षकाची पहिली तीन वर्षे: कपाटाच्या किल्लीपासून पुढे

नव्याने रुजू झालेल्या विज्ञान शिक्षकाला पहिल्या महिन्यात दोन गोष्टी मिळायला हव्यात. एक, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली. दोन, आसपासच्या तीन-चार जाणत्या विज्ञान शिक्षकांचे नंबर. प्रत्यक्षात काय मिळते? दहा-बारा व्हॉट्सअ‍ॅप गटांचे सदस्यत्व आणि त्यावर येणाऱ्या शेकडो पीडीएफ. त्या कोणी उघडत नाही, पण पुढे मात्र सगळेच पाठवतात. साहित्य कमी पडते अशी परिस्थिती आता राहिलेली नाही. त्यातले आपल्या वर्गात काय चालेल हे कसे ठरवायचे आणि वर्गात केलेल्या कामातून पुढच्या संधी कशा उभ्या राहतात, याविषयी हे लिहितो आहे. डोळ्यांपुढे महाराष्ट्रातली सहावी ते दहावीची मराठी माध्यमाची शाळा आहे.

आधी नोकरीचे दार

ज्यांची नेमणूक झाली आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावे.

पहिली ते आठवीच्या शिक्षकाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. केंद्राची सीटीईटीही चालते. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर २ सहावी ते आठवीसाठी. विज्ञानवाल्यांनी पेपर २ मध्ये गणित-विज्ञान हा गट घ्यायचा. एकूण १५० गुणांपैकी या गटाला ६० गुण असतात. बाकीचे बालमानसशास्त्र आणि दोन भाषांना. विज्ञानाचे पदवीधर हमखास भाषांमध्ये अडकतात, म्हणून अभ्यासाचा निम्मा वेळ तिकडे द्या. खुल्या प्रवर्गाला पात्रतेसाठी ६० टक्के गुण लागतात. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही २०० गुणांची आणि दोन तासांची, संगणकावर होणारी परीक्षा आहे. पवित्र पोर्टल या राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरची निवड तिच्या गुणांवर होते. नावे सारखी वाटली तरी टीईटी ही पात्रता आहे आणि टेट ही स्पर्धा. टेट दरवर्षी होत नाही. २०१७ नंतरची चाचणी थेट २०२३ मध्ये झाली आणि त्यापुढची २०२५ मध्ये. जाहिरात आल्यावर अभ्यासाला बसू म्हणणाऱ्याची एखादी फेरी हमखास हुकते. पोर्टलवर प्राधान्यक्रम भरताना मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन मार्ग दिसतात. पहिल्यात प्रामुख्याने जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका. दुसऱ्यात खासगी संस्था.

नेमणुकीनंतर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ मध्ये मानधन वाढले: प्राथमिकला १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. शहरात भाडे भरून या पैशात राहणे कठीण आहे. तरी ही तीन वर्षे नुसती ढकलू नका. पुढच्या सगळ्या अर्जांत जे काम दाखवायचे असते, ते करायला इतकी मोकळीक नंतर मिळत नाही. नंतर निवडणूक, जनगणना, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आणि परीक्षांची कामे तुमचा पत्ता शोधत येतातच.

कपाट उघडा

बहुतेक जुन्या शाळांत प्रयोगाचे साहित्य असते, पण कुलपात. त्यामागचे कारण आळस नव्हे, जडसंग्रह नोंदवही, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची वही. त्या वहीत काचेच्या प्रत्येक चंबूची नोंद असते आणि फुटला तर जबाबदार कोण, हा प्रश्न असतो. म्हणून साहित्य वापरायचेच नाही, हा सगळ्यांना सोयीचा तोडगा. यावर नियमात बसणारा उपाय आहे. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वही आणि कपाट ताडून पाहा. फुटके, गंजलेले, मुदत संपलेले काय काय आहे त्याची यादी करा आणि निर्लेखनाचा, म्हणजे त्या वस्तू वहीतून कमी करण्याचा, प्रस्ताव द्या. काचेचे सामान आणि रसायने वापरून संपणारी, म्हणून त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी असा आग्रह धरा. हे एकदा झाले की परीक्षानळी फुटली तरी कोणाची झोप उडत नाही.

कपाटात पाऱ्याचे जुने तापमापक असतील तर मुलांच्या हाती देऊ नका; अल्कोहोलचे किंवा डिजिटल घ्या. लेबल गेलेल्या बाटल्या उघडून वास घेऊन ओळखायचा प्रयत्नही करू नका. संहत आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल ओतायचे, आम्लात पाणी नाही, हे सगळ्यांना पाठ असते. तरीही बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा.

नवीन खरेदी करायची असेल तर अंबाल्याहून येणारे तयार संच हा सरधोपट मार्ग. शाळांच्या प्रयोगसाहित्याचा मोठा भाग तिथेच बनतो. संच बरे असतात, पण त्यातल्या अर्ध्या वस्तू वर्षभर बाहेर निघत नाहीत. त्यापेक्षा तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या प्रयोगांची यादी समोर ठेवून सुटे सामान घ्या: भिंगे, चुंबके, तांब्याची तार, एलईडी, बॅटरीचे सेल, मल्टिमीटर. विजेचे सामान तालुक्याच्या बाजारात मिळते.

कोणते साहित्य, कोणत्या क्रमाने

सगळ्यात आधी बालभारतीचे पाठ्यपुस्तक. हे वाचून हसू येईल. पण सहावी ते आठवीचे सामान्य विज्ञान आणि नववी-दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान ही पुस्तके शिक्षकाने सलग वाचलेली असतात, असे गृहीत धरू नका. पाचही इयत्तांची पुस्तके एका सुट्टीत वाचून काढली की कळते की आठवीत बल शिकवताना सातवीत काय झाले आहे आणि नववीत काय येणार आहे. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून दीक्षा या शासनाच्या ऑनलाइन साहित्याच्या मंचावर जाता येते. तिथले साहित्य कमी-जास्त दर्जाचे आहे, आधी स्वतः पाहा आणि मगच वर्गात लावा.

दुसरा साठा अरविंद गुप्ता यांचा. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याच्या त्यांच्या कामामुळे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका देशभर माहीत झाली. त्यांच्या संकेतस्थळावर शेकडो खेळण्यांच्या कृती, छोटे व्हिडिओ आणि पुस्तके आहेत, मराठीतही भरपूर. मी नव्या शिक्षकांना एवढेच सांगतो की खेळणे करून दाखवून थांबू नका. ते बंद पाडा आणि मुलांना चालू करायला लावा. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबने त्रिकोण, चौकोन जोडले की चौकोन डगमगतो, त्रिकोण हलत नाही. मग गावातल्या पत्र्याच्या शेडच्या कैच्या, पूल, विजेचे मनोरे पाहायला मुले स्वतःहून जातात.

तिसरे म्हणजे फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा २००२ पासूनचा प्रकल्प. यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. जे हातात धरता येत नाही, जसे अणूची रचना किंवा विजेच्या परिपथातले इलेक्ट्रॉन, तिथे ती वापरा. लंबक मात्र पडद्यावर दाखवू नका. दोरा आणि दगड प्रत्येक शाळेत आहेत.

मोबाइल वापरायची परवानगी असेल तर फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठातले मोफत अ‍ॅप घ्या. फोनमधले संवेदक ते मोजमापाला लावते. नववीला ध्वनीचा वेग मोजायचा असेल तर त्यातले आवाजावर चालणारे स्टॉपवॉच दोन फोनवर उघडा आणि फोन एकमेकांपासून ५ मीटरवर ठेवा. एका फोनजवळच्या मुलाने टाळी वाजवली की दोन्ही घड्याळे सुरू होतात. दुसऱ्या फोनजवळच्याने वाजवली की दोन्ही थांबतात. दोघांच्या वेळांत सुमारे २९ मिलिसेकंदांचा फरक येतो. हा फरक आवाजाला एकूण १० मीटर जायला लागलेल्या वेळाचा. १० ला त्याने भागले की वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास निघतो. मैदानावर दुसरा वर्ग खेळत असेल तर प्रयोग फसणार, कारण घड्याळाला कोणाचीही आरोळी चालते.

रसायनासाठी स्वयंपाकघर पुरते. हळदीचा कागद अल्कली ओळखतो, साबणाच्या पाण्याने लालसर होतो, पण आम्लाला तो दाद देत नाही. म्हणून जोडीला जास्वंद घ्या. पाकळ्या गरम पाण्यात टाकून जो रंग उतरतो त्यात लिंबू पिळले की गडद गुलाबी होतो, चुन्याची निवळी घातली की हिरवट. दोन्ही शेजारी ठेवून मुलांना विचारा, एकाच दर्शकावर भागवायचे असेल तर कोणता निवडाल आणि का.

एक प्रयोग सविस्तर: काठी, सावली आणि दोन शाळा

महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे राज्यात प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोनदा शून्य सावलीचा दिवस येतो. त्याच्या बातम्या दरवर्षी मे महिन्यात छापून येतात. पण त्या वेळी शाळेला सुट्टी असते, आणि दुसरी संधी जुलैत किंवा त्याच्या आगेमागे येते तेव्हा आभाळ भरलेले असते. शिक्षकाच्या उपयोगाचा दिवस वेगळाच आहे. २३ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे विषुवदिनी, मध्यान्हीला सूर्य डोक्यापासून जितका कललेला असतो तेवढेच त्या गावाचे अक्षांश.

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. ती उभी आहे का ते ओळंब्याने तपासा. नजरेच्या अंदाजावर सोडू नका. खाली कागद किंवा खडूने आखलेली फरशी हवी. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह नव्हे, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि आपण त्याच्या पश्चिमेला. त्या दिवशी खरी मध्यान्ह नागपुरात १२ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास, तर कोल्हापुरात १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास येते. म्हणून पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करत जा. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हीची. कोल्हापुरात ती सुमारे ३० सेंटिमीटर येईल, नागपुरात सुमारे ३९. त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांनी प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजावा.

आता कोल्हापूर आणि नागपूरच्या दोन शाळांनी एकमेकांना फोन करायचा. कोनांतला फरक साधारण साडेचार अंश. नकाशावरून दोन्ही गावांचे उत्तर-दक्षिण अंतर काढा, एसटीच्या रस्त्याचे नव्हे. ते सुमारे ४९५ किलोमीटर भरते. ३६० भागिले साडेचार म्हणजे ८०, आणि ८० गुणिले ४९५ म्हणजे ३९,६०० किलोमीटर. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. इतके जुळेलच असे नाही. सूर्य बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कड साधारण सेंटिमीटरभर धूसर असते, आणि एका सेंटिमीटरची चूक म्हणजे सुमारे अर्ध्या अंशाचा फरक, म्हणजे उत्तरात दहा टक्क्यांहून अधिक. चूक कुठून आली यावरची चर्चा हाच या प्रयोगाचा सगळ्यात मोलाचा तास असतो. ढग आले तर दुसऱ्या दिवशी करा. कोन सुमारे ०.४ अंशाने बदलतो, पण दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजले असेल तर फरक तोच राहतो.

या प्रयोगाला एवढी जागा दिली, कारण पुढे जे अर्ज आणि लेख लिहायचे आहेत त्यांचा कच्चा माल असा तयार होतो: मुलांच्या वहीतले आकडे, तारखा, फोटो, काय फसले त्याची नोंद. यासाठी एक वेगळी वही ठेवा. शाळेच्या टाचण वहीत हे मावत नाही.

माणसे कुठे भेटतात

मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, १९७४ मध्ये सुरू झालेले. विज्ञान ऑलिंपियाडचे राष्ट्रीय केंद्र म्हणून त्याचे नाव सगळ्यांना माहीत असते. शिक्षकांसाठी तिथे कार्यशाळा होतात हे कमी जणांना माहीत असते. पुण्यात आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था शिक्षक प्रशिक्षण घेते. राज्य शासनाबरोबरचा आयराइज हा विज्ञान शिक्षकांसाठीचा कार्यक्रम तिथलाच. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. हाताने काम करत शिकणे म्हणजे काय, ते ग्रामीण शाळेच्या शिक्षकाने तिथे एकदा तरी पाहावे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून आहे, मुंबईत चुनाभट्टीला तिचे विज्ञान भवन आहे आणि राज्यभर शाखा आहेत. तुमच्या जिल्ह्यातली शाखा जिवंत असेल तर वक्ता मिळतो, नसेल तर तुम्हीच ती जिवंत करणारे ठरू शकता.

आकाशदर्शनासाठी मुंबईत खगोल मंडळ, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था. नारायणगावजवळ खोडद आणि परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिथे लोकांना प्रवेश असतो आणि शाळांच्या प्रकल्पांचे प्रदर्शनही भरते. बस आणि पालकांची संमतिपत्रे यांची तयारी जानेवारीतच करा.

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सचे सभासद व्हावे. ही संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली आणि ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीच्या परीक्षा तीच घेते. शाळेला परीक्षा केंद्र मिळवले की तालुक्यातली अभ्यासू मुले आणि त्यांचे शिक्षक आपसूक ओळखीचे होतात.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला लोक नाके मुरडतात. बरेचदा ते योग्यही असते. पण वीस मिनिटे मागून घ्या आणि एक प्रयोग करून दाखवा. प्रशिक्षणासाठी तज्ज्ञ मार्गदर्शकांची नावे डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, काढते तेव्हा केंद्रप्रमुखांना आठवतो तो असा माणूस.

स्पर्धा: किती आणि कोणत्या

पहिल्या वर्षी एकच.

इन्स्पायर अवॉर्ड मानक या केंद्र सरकारच्या योजनेसाठी शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. निवड झालेल्या मुलाला प्रतिकृती करायला १०,००० रुपये मिळतात. इथे शिक्षकाचे काम कल्पना सुचवण्याचे नाही. मुलांना आठवडाभर घरातल्या, शेतातल्या अडचणी लिहून आणायला सांगा आणि त्यातून निवडा. तालुक्याच्या प्रदर्शनात सिरिंजवर चालणारा जेसीबी दरवर्षी येतो, परीक्षक त्याला ओळखतात आणि जेसीबी परीक्षकांना. त्याच प्रदर्शनात शिक्षकांनी केलेल्या शैक्षणिक साहित्याचा वेगळा गट असतो. त्यात चुरस कमी असते, नव्या माणसाने तिथे उतरावे.

सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ पासून चालवली आहे. लेखी, प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत असे तिचे टप्पे. परीक्षा चांगली आहे, तिच्याभोवती उभे राहिलेले क्लास मात्र चांगले नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांना प्रात्यक्षिकाचा सराव शाळेत मिळाला तर ती मागे राहत नाहीत.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्स हाताळायची शाळेतली प्रयोगशाळा, यासाठी नीती आयोगाने एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवले: १० लाख उभारणीला, १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. मोठी रक्कम आहे आणि हिशेबही तेवढाच मोठा. शाळेत निदान दोन शिक्षक ती चालवायला तयार असतील तरच संस्थेला या फंदात पडायला सांगा, नाहीतर थ्रीडी प्रिंटरही जडसंग्रहात जमा होतो.

पुढच्या वाटा

तिसऱ्या वर्षापर्यंत वहीत पाच-सहा नीट नोंदवलेले प्रयोग असतील. त्यातला एक निवडून लिहा. राज्य मंडळाचे शिक्षण संक्रमण, राज्य शैक्षणिक संशोधन परिषदेचे जीवन शिक्षण, पुण्याहून निघणारे शैक्षणिक संदर्भ ही मराठीतली ठिकाणे. इंग्रजीत अझीम प्रेमजी विद्यापीठाचे आय वंडर हे शालेय विज्ञानाचे नियतकालिक मोफत वाचायला मिळते. लेखात उद्दिष्टे आणि प्रस्तावना आटोपती घ्या आणि मुले काय म्हणाली ते लिहा. राज्य पातळीवरच्या शैक्षणिक नवोपक्रम स्पर्धेलाही तोच मजकूर थोडा वाढवून चालतो.

शिकायचे असेल तर होमी भाभा केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएच.डी. करता येते, एम.एस्सी. झालेल्या, संशोधनाची ओढ असलेल्या शिक्षकाने याचा गंभीरपणे विचार करावा. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जगभरातल्या शिक्षकांचा दोन आठवड्यांचा उन्हाळी कार्यक्रम असतो. त्याला इंग्रजीत अर्ज लागतो आणि आपण वर्गात काय केले हे सांगावे लागते. पाठ्यपुस्तकांचे अभ्यासगट, प्रश्नपत्रिका काढणे, ई-साहित्य लिहिणे ही कामे जाहिरातीपेक्षा ओळखीतून येतात, आणि ती ओळख छापून आलेल्या लेखाची असली तर उत्तम.

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी आता शिक्षकाला स्वतः अर्ज करता येतो. राज्याचा क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाचा गुणगौरव पुरस्कार आहे. दोन्हींना कागदपत्रे पुष्कळ लागतात. ती शेवटच्या रात्री गोळा होत नाहीत.

बाहेरच्या कोणत्याही कार्यशाळेला जाताना अर्ज मुख्याध्यापकांमार्फत, आमंत्रणपत्र जोडून, निदान पंधरा दिवस आधी द्या आणि पोच घ्या. कर्तव्यकाल (कामावर असल्याचा काळ) धरला जाणार की किरकोळ रजा टाकावी लागणार, हे जाण्याआधी लेखी विचारा. परतल्यावर हजेरीचे प्रमाणपत्र सेवापुस्तकाच्या फाइलला लावा, कारण बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचा विषय निघतो तेव्हा मुख्याध्यापक बदललेले असतात आणि कारकूनही.